मामंजी कोणाचे मामा?

आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कितीतरी वर्षांनी खाली आली. आत पितळी डबे, एक मोडका पाट आणि सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा. लेकीने वरचंच कार्ड ओढून मोठ्याने वाचलं, ‘ती. मामंजी यांचे सेवेशी, शि. सा. न. वि. वि.’ कार्ड उलटं करून पत्ता बघितला, तर तो आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या बिऱ्हाडाचा.

‘आजी, तुझा मामा आपल्याकडे राहायचा?’ तिने माझ्या सासूबाईंना विचारलं.

‘मामा कुठला! माझे सासरे ते. मी बाळंतपणाला साताऱ्याला गेले होते, तिथून घातलेलं कार्ड आहे.’

तीर्थरूप म्हणजे काय, ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ ही एवढी गाडी पाच अक्षरांत कशी बसवतात, हे तिला समजावून झालं. तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. सासऱ्याला मामा का? मी म्हटलं, मामा अधिक जी, आदराने म्हणायचे. ‘आदराने काका का नाही मग?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन दिवस सामान बांधायचं सोडून आम्ही हेच चघळत बसलो, त्यातलं काही इथे मांडते.

आधी सासरची सरळ मंडळी. सासरा हा श्वशुर, सासू ही श्वश्रू, सून ही स्नुषा, जावई हा जामातृ, दीर हा देवर, जाऊ ही यातृ, सवत ही सपत्नी. सगळे संस्कृतातून प्राकृतात झिजत आलेले. यातृची जाऊ ऐकायला विचित्र वाटते, पण यूथिकेची जुई झाली आणि यंत्राचं जातं झालं, त्याच वाटेने तीही आली. माहेर म्हणजे मातृगृह. आजोळ म्हणजे आज्याचं कुळ, देवाच्या कुळाचं देऊळ झालं तसं. आणि आजा-आजी मुळात आर्यक आणि आर्यिका. म्हणजे आपली नऊवारीतली आजी शब्दाने पक्की आर्य आहे.

पण गंमत बघा, यातले बरेचसे शब्द कोणी हाक मारायला वापरत नाही. ‘अगं जाऊ, जरा कढीपत्ता दे’ असं म्हणून बघा. जाऊबाई, सासूबाई, जावईबापू हे हाकेत चालतात, कारण मागे बाई किंवा बापू उभा आहे. नुसती जाऊ फक्त तिच्या पाठीमागे म्हणायची.

हाकेचे शब्द वेगळ्याच पेटीतले निघतात. अण्णा, अप्पा, अक्का. कानडीत अण्ण म्हणजे थोरला भाऊ, अक्क म्हणजे थोरली बहीण, अप्प म्हणजे बाप. हे तिघे आपल्याकडे इतके मुरलेत की कानडी वाटतच नाहीत. ताईचा प्रवास आणखी मजेचा. कानडीत तायी म्हणजे आई, हिंदीत ताई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको, आपल्याकडे थोरली बहीण. दादा हिंदी-गुजरातीत आजोबा, बंगालीत आणि मराठीत भाऊ (आणि चौकात उभा राहिला की गल्लीचा मालक). काका फारसीतही सापडतो. आपला खरा जुना शब्द चुलता. तो क्षुल्ल म्हणजे धाकटा आणि तात म्हणजे बाप, या दोघांचा मिळून झाला. धाकटा बाप. आता चुलता फक्त जमिनीच्या दाव्यात आणि ‘चुलतभाऊ’ या शब्दात उरलाय.

मावशीने मात्र माझा हा सिद्धान्त मोडून ठेवला. ती मातृष्वसा, आईची बहीण, अस्सल संस्कृत, आणि तरी दिवसभर हाकेत. असू दे. मावशीला सगळीकडे वेगळी वागणूक असतेच.

आता आत्या. कानडीत अत्ते, तमिळमध्ये अत्तै, तेलुगूत अत्त. तिन्हीकडे अर्थ दोन: बापाची बहीण आणि सासू. आणि हे फक्त तुंगभद्रेपलीकडचं नाही. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या, पैठणच्या सातवाहन हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत ‘अत्ता’ सासूलाच म्हटलंय. त्यातली एक गाथा फार प्रसिद्ध आहे. सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते, अत्ता इथे झोपते, मी इथे, उजेडात नीट बघून ठेव, रात्री आंधळ्यासारखा माझ्या अंथरुणावर येऊन पडशील. ही सोवळी सूचना आहे की निमंत्रण, यावर संस्कृत साहित्यशास्त्रात पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. लेक म्हणाली, ‘आजी, तू असं कोणाला सांगितलंस का?’ सासूबाईंनी तिला गठ्ठ्यानेच मारलं.

बापाची बहीण आणि सासू यांना एकच शब्द केव्हा पुरतो? जेव्हा त्या दोघी एकच बाई असतात तेव्हा. मुलीला आत्याच्या घरी दिली की आत्याच सासू झाली. उलट बाजूने, मुलाने मामाची मुलगी केली की मामा सासरा झाला. कानडीत मावा म्हणजे मामाही आणि सासराही. आपल्या गावाकडे नवी सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते, जावई सासूला मामी म्हणतो, तेव्हा त्यांचं आधीचं काही नातं असेलच असं नाही. नातं गेलं, हाक राहिली. मामंजी हा त्याच हाकेचा धुतलेल्या धोतरातला, शहरी अवतार.

इथवर मी फार खुशीत होते. लेक गणितवाली आहे. तिने कागदावर आकृती काढली आणि म्हणाली, ‘आई, चुकतंय. मुलगी आत्याकडे दिली तर सासू आत्या होईल, बरोबर. पण सासरा आत्याचा नवरा झाला. तो मामा कसा? मामा म्हणायचा हक्क फक्त जावयाला आहे. आजी सून होती.’

खरं सांगते, हा मुद्दा मला कधीच सुचला नसता. आत्याच्या नवऱ्याला मराठीत आतोबा म्हणत, मामा नाही. मग सुनेच्या तोंडी मामंजी आला कुठून?

दक्षिणेत बघितलं की गाठ सुटते. तिथे मामा हा शब्द आईच्या भावाला आहे आणि आत्याच्या नवऱ्यालाही आहे. दोघांना एकाच खुंटीला बांधलंय. कारण साटंलोटं. मी माझी बहीण तुला दिली, तू तुझी मला दे. अशा लग्नातल्या मुलाच्या बाजूने बघा: आईचा भाऊ जो, तोच आत्याचा नवरा. मामा आणि आतोबा एकच माणूस. दोन्ही बाजूंनी लेकी द्यायच्या-घ्यायच्या असतील तर दोन शब्द लागतच नाहीत. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लेक एकाच दिशेने जाते, मामाच्या घरून आत्याच्या घरी; म्हणून आपण आतोबा वेगळा ठेवला. सुनेच्या तोंडचा मामंजी मात्र दक्षिणेच्या हिशेबाने चालतो. लेकीने आकृतीवर बरोबरची खूण केली. शाळेतल्या बाईंकडूनही मला एवढा आनंद झाला नव्हता.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, ‘आमच्या अक्काचं तसंच होतं की.’ त्यांची थोरली बहीण खरोखरच आत्याच्या घरी दिलेली. त्यांचं माहेर देशस्थ ऋग्वेदी, तिथे मामाची मुलगी चालते. माझं माहेर कोकणस्थ, तिथे चालत नाही, त्यामुळे मला हे सगळं पुस्तकी. त्यांनी सांगितलं, लग्नाआधी आत्या आली की अक्का तिच्या गळ्यात पडायची, लग्नानंतर तिलाच वाकून नमस्कार. ‘हाक तीच, आत्या. पण एक दिवसात आवाज खाली आला तिचा.’

हा विषय पुण्यात निघाला आणि इरावती कर्व्यांचं नाव आलं नाही असं कसं होईल. डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी भारतभरच्या नात्यांच्या शब्दांचा जो अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९५३ साली आलं. उत्तरेत लग्न म्हणजे मुलीने परक्या गावात परक्यांत जाणं, दक्षिणेत लग्न म्हणजे असलेली गाठ पुन्हा घट्ट करणं, आणि महाराष्ट्र या दोघांच्या मध्ये, ही त्यातली मोठी मांडणी. आपल्या शब्दांत ती जशीच्या तशी दिसते: सासरा उत्तरेचा, मामंजी दक्षिणेचा, माणूस एकच. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या पाच वेगळ्या चाली दिल्यात, त्यांत मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी या दोन. शिळं खाणं आणि बायकोबरोबर बसून जेवणं याही त्याच पाचांत. (उत्तरेच्या वाट्याला लोकरीचा धंदा आणि दारू आली आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.) १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही भावाबहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं आणि ‘रूढी असेल तर’ अशी वाट ठेवली.

याच गोष्टीचा आणखी एक साक्षीदार, मेहुणा. मूळ मिथुन, जोडी. सणाला जोडप्याला जेवायला बोलावतो, ते मेहूण हे त्याच घरातलं. प्राकृतात मेहुणिआ म्हणजे बायकोची बहीण, आणि मेहुणिआ म्हणजे मामाची मुलगीही. मामाच्या दोन मुली असल्या, एक केली, की दुसरी आपोआप मेहुणी. शब्दाने हिशेब आधीच करून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी माझी नणंद, म्हणजे लेकीची आत्या, भांडी बांधायला आली. तिला मी मुद्दाम सांगितलं की नणंद हा शब्द ननान्दृ वरून आला आणि जुने पंडित त्याची फोड ‘न नन्दति’ अशी करतात. कितीही करा, जी खूश होत नाही ती. पंडितांच्या अशा फोडींवर फार विश्वास ठेवू नये; निरुक्तात यास्काने देवराची फोड ‘द्वितीय वर’ अशी केली आहे, ती दिरांनाही पचणार नाही. पण नणंदेच्या बाबतीत मी विश्वास ठेवायला तयार होते. ती शांतपणे म्हणाली, ‘वहिनी, तुझ्या मुलीचं नाव मी ठेवलंय हे विसरू नकोस.’

खरंच आहे. बारशाला, म्हणजे बाराव्या दिवशी, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत बाळ पाळण्याखालून गेलं की कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं ते आत्याने. तिच्या पाठीत बाकीच्यांनी धपाटे घालायचे. मी म्हटलं, ‘आत्या एकदाच नाव ठेवते, नणंद रोज नावं ठेवते.’ सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. हा मान आत्यालाच का? माझा एक जावईशोध आहे: उद्या कदाचित हीच सासू व्हायची, तेव्हा घरात येणाऱ्या माणसाचं नाव तिनेच पसंत केलेलं बरं. पुरावा काही नाही. जावईशोधाला पुरावा लागत नाही, म्हणून तर तो जावयाच्या नावावर आहे.

नावावरून टोपणनावं आली, आणि पुण्यात टोपणनावं म्हटलं की पेशवाई. बाळाजी विश्वनाथांच्या मुलाचं, बाजीरावांचं, पाळण्यातलं नाव विसाजी, म्हणजे आजोबांचं विश्वनाथ. बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, तोही आजोबांचंच नाव. आता घरातल्या बायकांची पंचाईत लक्षात घ्या. सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, आणि कडेवरच्या मुलाचं नाव तेच. मुलाला हाक कशी मारणार? नाना म्हणायचं. बाळाजी बाजीराव नानासाहेब, बाळाजी जनार्दन भानू नाना फडणवीस. नात्याच्या शब्दांनी नावं झाकण्याची ही पद्धत कुलुपाला आवरण घालावं तशी आहे. इतकी की झाकणच रस्त्यावर आलं. सदाशिव पेठ हे भाऊसाहेबांचं कागदावरचं नाव, पण नाना पेठ आणि अप्पा बळवंत चौक ही घरातली हाक. पुस्तकं घ्यायला आपण रोज कोणाच्या तरी अप्पाच्या चौकात जातो. टिळकांचं नाव केशव, घरातलं बाळ, आणि आख्ख्या देशाने बाळ लावलं.

याच पेशवाईत काका या शब्दाला जो डाग लागला तो कायमचा. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव, ‘काका, मला वाचवा’. मजा अशी की ज्यांना हाक मारली ते जगासाठी दादा होते, राघोबादादा. पुतण्यापुरते काका. ‘ध चा मा’ची दंतकथाही त्यातलीच.

एकत्र कुटुंबात तर ही झाकणं आणखी घोळ घालत. माझे वडील स्वतःच्या आईला वहिनी म्हणत. जन्मभर. वडिलांना भाऊ. घरात दीर-नणंदा तिला दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करत, तान्ह्या मुलाच्या कानावर तेच पडलं, त्याने तेच उचललं. मोठ्यांसमोर स्वतःच्या मुलाला जवळ घेऊन ‘आई म्हण’ असं शिकवायची सोय नव्हती. पुण्यातल्या जुन्या घरांत आईला काकू, ताई, अगदी माई-जिजी म्हणणारे सत्तरीतले लोक अजून भेटतील. बाहेरच्याला वाटतं, यांना आई नव्हती की काय. इरावतीबाईंचे सासरे, महर्षी धोंडो केशव कर्वे, तेही सगळ्यांचे अण्णा, म्हणजे कानडी हिशेबाने सगळ्यांचे थोरले भाऊ.

धोंडो नावावरून एक. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू ही नावं हौसेने ठेवलेली नसत. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं, की दृष्ट लावणाऱ्याने आणि यमाने दोघांनीही तोंड फिरवावं. दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलंय, याच्यात काय घेणार? प्रत्येक धोंडोमागे हीच कथा असेल असं नाही, काही नावं आजोबांची म्हणून पुढे चालली. पण दगडूशेठ गणपतीपुढे रांगेत उभं राहताना त्या नावात कोणा आईची धास्ती असू शकते हे एकदा डोक्यात आलं की जात नाही.

‘हल्ली सगळे कझिन झाले, सगळ्या आंटी झाल्या’ हे रडगाणं नणंदेने सुरू केलं. मला ते अर्धंच पटतं. आतोबा आणि मावसा हे शब्द आपण इंग्रजी शिकायच्या आधीच टाकले, दोघांचेही काका केले. मामंजीही कोणी हिसकावून नेला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाच तो नाटकी वाटला, मी सरळ आई-बाबा म्हणायला लागले. त्याची किंमत अशी की माझ्या फोनमध्ये ‘आई’ आणि ‘आई कोथरूड’ अशा दोन आया आहेत, आणि कोथरूडच्या आई माझ्या जन्मदात्या आहेत हे नवऱ्याला दर वेळी सांगावं लागतं.

हाकेचे शब्द घरातून कमी झाले तरी बाहेर जोरात आहेत. चौकातला वाहतूक पोलीस मामा, रिक्षावाले काका, कामाला येणाऱ्या मावशी. मंडईत तर वयाचा दाखलाच मिळतो. परवापरवापर्यंत ज्या गाळ्यावर ‘बोला ताई, मेथी ताजी आहे’ ऐकलं, तिथेच एक दिवस ‘काय देऊ काकू’ आलं. मी त्या दिवशी मेथी घेतली नाही. आता सवय झाली. पुढच्या पायरीवर आजी आहे, तिला आर्यिका समजून घ्यायचं ठरवलंय.

साडूबद्दल सांगायचं राहिलं. बायकोच्या बहिणीचा नवरा. मूळ शब्द श्यालीवोढृ, म्हणजे शब्दशः ‘मेहुणीला वाहून नेणारा’. वोढृ म्हणजे वाहणारा, वर. एवढं लांबलचक झिजून दोन अक्षरांवर आलं, तरी आतलं ओझं तसंच. माझ्या नवऱ्याने हे ऐकून आपल्या साडूला लगेच फोन लावला.

शेवटच्या दिवशी लेकीने पोस्टकार्डांचं खोकं चिकटपट्टीने बंद केलं आणि वर जाड पेनाने लिहिलं, ‘मामंजी’. टेम्पोवाल्या काकांनी खोकं उचललं, नाव वाचलं आणि दारातून विचारलं, ‘हे मामा कुठल्या खोलीत ठेवायचे?’

‘माझ्या,’ सासूबाई म्हणाल्या.